पाच नंबरचा ऑक्सिजन

४ मे

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होतो, पण विषय असा आहे की तू फोनवर ‘खाली दोन’ म्हणालीस तर मी खालच्या ओळीत दोन लिहीन. म्हणून ही कागदी खटपट.

बातमी अशी की तुझा धाकटा भाऊ वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी विद्यार्थी झाला आहे. इथल्या प्रशिक्षण केंद्रात वेल्डिंग शिकवायला माणूस हवाय. आमच्या मालकांनी माझं नाव दिलं. सत्तावीस वर्षं हेच करतोय म्हणून हातकामाची परीक्षा माफ. पण केंद्राने एक नवीन टूम काढली आहे. जो गॅस हाताळायला शिकवणार, त्याला त्या गॅसचं रसायन आलं पाहिजे म्हणे. म्हणजे दहावीच्या पातळीचा एक पेपर आणि वर तोंडी. संधी दोन, जुलैत आणि नोव्हेंबरात. दोन्ही हुकल्या तर जागा दुसऱ्याला. ही जागा मला हवीच आहे. का ते विचारू नकोस, बढती कोणाला नको असते!

पुस्तकात रासायनिक समीकरणं आहेत आणि ती ‘संतुलित’ करायची असतात. बाणाच्या डावीकडे जेवढे अणू, उजवीकडे तेवढेच. हे मला लगेच पटलं. पाइप कापला, वाकवला, तरी त्यातलं लोखंड कुठे पळून जात नाही. पहिलंच समीकरण होतं हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी. डावीकडे ऑक्सिजन दोन, उजवीकडे एक. म्हटलं, एवढंच ना? उजवीकडे आणखी एक ऑक्सिजन जोडून टाकला. H₂O चं H₂O₂ केलं, पक्का जोड. सत्तावीस वर्षांत माझा एक जोड सुटलेला नाही. पण पुस्तकाच्या शेवटी उत्तर पाहिलं तर भलतंच काहीतरी.

तू कॉलेजात, तेही रसायनशास्त्रात. ‘बहीण प्रोफेसर आहे, मला कसली भीती’ असं मी कारखान्यात छाती फुगवून सांगून बसलोय. तेव्हा भावाची लाज राख.

तुझा,
धाकटा


१७ मे

प्रिय धाकट्या,

उत्तराला उशीर झाला. विभागात परीक्षांची गडबड होती, मान वर करायला फुरसत नव्हती.

अरे, जोडलास काय! H₂O₂ म्हणजे पाणी नव्हे. ते हायड्रोजन पेरॉक्साइड. काळ्या बाटलीत असतं, ती खालच्या कप्प्यात उजेडापासून लांब ठेवावी लागते. थेंब उडाला की बोटं पांढरी पडतात आणि तासभर चुणचुणतात. साडीच्या काठाचा रंग जातो तो वेगळाच. तुझं पाणी कोणी प्यायलं असतं तर तू तुरुंगात असतास.

तेव्हा नियम एक. आत जे चिकटलेलं आहे त्याला हात लावायचा नाही. आकडा लिहायचा तो पुढे. आता पुढचा आकडा म्हणजे काय, तर त्या पदार्थाचा जोर. आमच्याकडे ॲसिडच्या बाटल्यांवर 2N, 6N असं लिहिलेलं असतं. दोन असेल तर साधं, सहा असेल तर जपून. तसंच हे. दोन्हीकडचा जोर सारखा झाला की समीकरण जुळलं. हे नीट डोक्यात बसव.

आणि पत्राच्या मागच्या बाजूला तू जे दुसरं समीकरण उतरवलंयस त्यात पायाशी लिहिलेले बारीक आकडे गायब आहेत. लहानपणापासून तुझा हा आळस. गृहपाठातही काना-मात्रा खायचास.

वहिनीला नमस्कार.

ताई


२९ मे

प्रिय ताई,

वा! जोर! इतकं सोपं असताना पुस्तकवाल्यांनी चार पानं का भरली?

मी आमच्या कामाशी ताडून पाहिलं. ॲसिटिलीन जळतं त्याचं उत्तर पुस्तकात असं आहे: 2CH आणि 5O मिळून 4CO आणि 2HO. म्हणजे ॲसिटिलीनची नळी दोनवर आणि ऑक्सिजनची पाचवर! रेग्युलेटरचे आकडे आहेत हे, दाबाचे! मी खरं तर असा दाब कधी ठेवत नाही, पण पुस्तकं लिहिणारे कारखान्यात थोडेच येतात. ज्योत तर मी आवाजावरून जुळवतो. पांढरी शेपूट आत गेली, फुसफुस थांबली की झालं. आजवर रसायनशास्त्र करत होतो आणि मला पत्ताच नव्हता.

बारीक आकड्यांचं म्हणशील तर घाईत राहिले असतील. त्याने काय एवढं बिघडतंय?

तुझी वहिनी म्हणते, हल्ली पुस्तक नाकाला लावून बसतोस, शाळेत असं केलं असतंस तर आज साहेब असतास. मी पान उलटलं.

तुझा,
धाकटा


१० जून

धाकट्या,

बिघडतं! तू लिहिलेलं CO म्हणजे वेगळाच, विषारी वायू. त्याची सूचना आमच्या भिंतीवर लाल अक्षरांत लावलेली आहे. पायाशी दोन लिही, नाहीतर अख्ख्या वर्गाला मारशील. माणसाने इतकं निष्काळजी असू नये.

दाबाचं मात्र तू बरोबर ओळखलंस. हुशार आहेस, मन लावत नाहीस एवढंच.

यश मिळो.

ताई


२४ जुलै

प्रिय ताई,

नापास झालो. थोडाथोडका नाही, यथासांग.

लेखी पेपरात काय दिवे लावले ते सोड. तोंडीची गंमत ऐक. साहेबांनी विचारलं, ‘ॲसिटिलीनच्या समीकरणात ऑक्सिजनपुढे पाच आहे, त्याचा अर्थ सांगा.’ मी ताठ बसून म्हटलं, ‘पाच नंबरचा ऑक्सिजन, साहेब. जोरदार. नळी पाचवर.’ त्यांनी चष्मा काढला. मग शेजारच्या खोलीतून आणखी दोन साहेबांना बोलावून आणलं आणि मला म्हणाले, ‘जरा यांनाही सांगा.’ मला वाटलं उत्तर फारच आवडलं. मी पुन्हा सांगितलं, या वेळी हातवारे करून.

हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? मला राग आला. म्हटलं, माझी सख्खी बहीण कॉलेजात रसायनशास्त्राची प्रोफेसर आहे, तिने. साहेबांनी तुझ्या कॉलेजाचं नाव विचारून लिहून घेतलं. बहुधा तुला काही कळवतील.

ताई, मला जरा सांग. ते चुकले की तू?

धाकटा


२ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

मी चुकले. तुला नापास मी केलं.

हे पत्र चारदा फाडलंय, हे पाचवं. मी प्रोफेसर नाही. मी प्रयोगशाळेत परिचर आहे. परीक्षानळ्या धुते, बाटल्या भरते, लेबलं चिकटवते, ओटे पुसते. बावीस वर्षांपूर्वी नोकरी लागली तेव्हा आईला लिहिलं होतं, ‘कॉलेजात लागले, रसायनशास्त्रात.’ ते खोटं नव्हतं. पुढचं आईने भरलं. मुलीने बाहेरून परीक्षा दिल्या, आता शिकवते, असं तिने गावभर केलं. मला ते एका लग्नात कळलं. एक मावशी मला ‘मॅडम’ म्हणाली आणि आई शेजारी इतकी खुलून उभी होती की मला ते खोडवेना. मग आई गेली, आणि आता खरं सांगून कोणाचं भलं होणार असं म्हणत मी मॅडमच राहिले. माझी शाळा आठवीत सुटली ती सुटलीच रे.

तुझं पत्र आलं तेव्हा सांगायला हवं होतं. पण खरं सांगू? कोणीतरी मला काही विचारतंय याचंच अप्रूप वाटलं. पेरॉक्साइडचं उत्तर मला खरोखर येत होतं, त्या बळावर पुढचंही ठोकून दिलं. 2N हा बाटलीतल्या ॲसिडचा जोर असतो हे खरं, पण समीकरणातल्या आकड्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

काल ओल्या हातांनी तशीच आमच्या विभागात शिकवणाऱ्या बाईंकडे गेले. म्हटलं, मला समीकरण जुळवायला शिकवा. त्या काही हसल्या नाहीत. फळ्यावर दहा मिनिटांत शिकवलं. धाकट्या, तो फळा मी बावीस वर्षं रोज पुसतेय. रोज त्याच्यावर हेच लिहिलेलं असायचं. मी एकदाही वाचलं नाही, नुसतं फडकं फिरवलं. घरी येऊन खूप रडले, आणि मग स्वतःचंच हसू आलं.

तुला रागवायचं तर रागव. जागा मात्र सोडू नकोस.

ताई


२८ ऑगस्ट

प्रिय ताई,

रागावलो होतो. आठ दिवस चांगला भरगच्च राग होता. कारखान्यात मी केवढी मिजास मारली होती! नंतर लक्षात आलं की तू आईला जेवढं कमी सांगितलंस त्याहून कमी मी तुला सांगितलंय. उरलेले दिवस हे लिहायचा धीर गोळा करण्यात गेले.

पायाशी लिहिलेले आकडे मी आळसाने गाळत नव्हतो. मला ते दिसत नाहीत.

नजर जिथे लावावी तिथेच मधोमध डाग असतो, धुरकट. कडेचं सगळं दिसतं. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा भाजलाय, आता आहे तेवढं जपा, वेल्डिंगच्या आर्ककडे, त्या झगझगाटाकडे, पुन्हा बघू नका. कशाने म्हणशील? शहाणपणाने. ‘वेल्डिंगच्या एवढ्याशा टाक्याला डोळ्यांपुढे काळी काच कशाला धरायची’ म्हणत सत्तावीस वर्षं उघड्या डोळ्यांनी टाके मारले आणि काच धरणाऱ्यांना भित्रे म्हणून चिडवलं. बढती वगैरे काही नाही, ताई. मला वेल्डिंग करता येत नाही आता. शिकवायची जागा मिळाली तर मी अजून वेल्डर. नाही मिळाली तर मालक गेटवर खुर्ची देतील. कोण आलं कोण गेलं ते बघायला, आणि तेही मला दिसणार नाही!

मालक आणि डॉक्टर सोडून कोणाला माहीत नाही. तुझ्या वहिनीलासुद्धा नाही. कडेने दिसतं म्हणून मी हल्ली तिच्याकडे तिरकं बघून बोलतो. तिला वाटतं मी घुश्शात आहे, म्हणून ती माझ्याशी फार गोड वागतेय. सांगावंसं वाटत नाही.

मला भीती वाटते ग.

धाकटा


५ सप्टेंबर

धाकट्या, मूर्खा,

आधी वहिनीला सांग. आज. हे पत्र खाली ठेव आणि सांगून ये, मग पुढचं वाच.

सांगितलंस? बरं.

मी तुला निष्काळजी म्हटलं, आळशी म्हटलं. मला माफ कर.

सोबत गुंडाळी पाठवली आहे. विभागातले जुने तक्ते रद्दीत जाणार होते, त्यांच्या पाठीवर जाड पेनने समीकरणं लिहिली आहेत. पायाचा आकडा तुझ्या अंगठ्याएवढा काढलाय. तिरका हो नाहीतर तक्ता उलटा टांग, पण वाच.

आता बाईंनी सांगितलेलं माझ्या भाषेत सांगते. पदार्थ म्हणजे सीलबंद बाटली. आत काय किती आहे ते पायाशी लिहिलंय. सील फोडायचं नाही. एक ऑक्सिजन कमी पडला म्हणून सुटा आणता येत नाही, मागवायची तर अख्खी बाटली मागवायची. पुढचा आकडा म्हणजे किती बाटल्या, बस. पाण्याचं बघ. ऑक्सिजनच्या एका बाटलीत दोन, म्हणून पाण्याच्या बाटल्या दोन भरतील. दोन पाण्यांना हायड्रोजन लागले चार, म्हणून हायड्रोजनच्याही बाटल्या दोन. उरलं काही? नाही. सांडलं काही? नाही. मग ओटा पुसून घरी जायचं.

रोज पाच कर. मीही करते, दुपारच्या सुट्टीत. बाई तपासतात. परवा त्यांनी माझ्या वहीवर ‘छान’ लिहिलं. चोपन्न वर्षांची बाई मी, वही पिशवीत घालून दोनदा उघडून पाहिली.

ताई


१९ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझ्या वहिनीला सांगितलं. ती आधी म्हणाली, ‘एवढंच ना? मला वाटलं दुसरंच काही लफडं आहे.’ मग आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आता रोज तुझा तक्ता भिंतीला धरून उभी राहते. चूक केली की तक्ता हलवते.

समीकरणं जमू लागली आहेत. ॲसिटिलीनच्या दोन बाटल्या, ऑक्सिजनच्या पाच! आता त्या साहेबांसमोर जावंसं वाटतंय.

पण छापील पेपर मला वाचता येणार नाही. डॉक्टरांचा कागद घेऊन केंद्रात गेलो. सगळं सांगितलं. ते म्हणाले, जागेला अडचण नाही, शिकवणाऱ्याने ज्योत स्वतः पेटवायची नसते, पेटवणाऱ्यांवर ओरडायचं असतं. पेपरासाठी लेखनिक मिळेल. उमेदवाराने सांगायचं, त्याने तसंच्या तसं लिहायचं. माणूस आपला आपण आणायचा, नातेवाईक चालेल. अट दोन. तो दहावीच्या वर शिकलेला नसावा, आणि तो विषय शिकवणारा तर मुळीच नसावा.

ताई, मी तिथेच खुर्चीवर बसलो. माझ्या ओळखीत समीकरण न चुकता उतरवू शकेल आणि तरी या अटीत बसेल असं जगात एकच माणूस आहे. तू प्रोफेसर असतीस तर मला तुझा काहीच उपयोग नव्हता.

येशील?

धाकटा


२७ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

येते. रजा मागितली, मिळाली.

लेखनिकाचा अर्ज भरला. ‘शिक्षण’ या रकान्यात आठवी लिहिलं. ‘पद’ या रकान्यात प्रयोगशाळा परिचर लिहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा ते कुठल्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं. बाईंनी सही केली. हा कागद तुझ्या केंद्रात जाईल, तिथून तुझ्या मालकांकडेही जाईल. तुझ्या मिजाशीचं काय ते तू बघून घे.

एक मात्र लक्षात ठेव. तिथे मी ताई नाही. तू चुकीचं सांगितलंस तर मी चुकीचंच लिहीन. डोळे वटारणार नाही, खाकरणार नाही. वटारले तरी तुला कुठे दिसणार आहेत!

ताई


२० नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुला गाडीत बसवून आलो आणि तेव्हापासून एक गोष्ट मनाला खाते आहे.

कार्बाइडच्या प्रश्नात, कार्बाइडवर पाणी पडून ॲसिटिलीन होतं तिथे, मी पाण्याची एकच बाटली सांगितली. तुझ्या पेनचा आवाज थांबला. मी ज्योतीसारखं पेनही कानाने ऐकत होतो ना! म्हटलं, ताई थांबली, म्हणजे चुकलं. पुन्हा मोजलं. उजवीकडे हायड्रोजन चार निघाले, म्हणून पाणी दोन केलं.

ही चोरीच झाली की. तू मला खूण केलीस. निकाल लागायच्या आधी मी साहेबांना जाऊन सांगू का?

धाकटा


२९ नोव्हेंबर

धाकट्या,

खबरदार कुठे गेलास तर. मी खूण-बिण काही केली नाही. पेन अडलं होतं. शाई येईना म्हणून झटकत होते. तुझी चूक माझ्या लक्षातही आली नव्हती, पाणी एकच असणार असं मलाही वाटलं होतं. तू दोन म्हणालास तेव्हा मनात म्हटलं, गेला, बरोबर आलेलं बिघडवलं याने! घरी येऊन वहीत करून पाहिलं तेव्हा कळलं.

तुझं तू जुळवलंस. माझी कसलीही मदत नव्हती.

ताई


१२ जानेवारी

प्रिय ताई,

पास झालो आणि जागाही मिळाली, हे तुला फोनवर ओरडून सांगितलंच. पण कालच्या पहिल्या तासाचं लिहूनच सांगायचं होतं.

वर्गात बाराजण आहेत, बरेचसे माझ्याहून उंच. मी तिरका उभा राहून बोलतो, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं मी शेजारच्याला झापतोय. अर्ध्या तासाने एकाने विचारलं, ‘सर, तुम्हाला हे रसायनबिसायन कोणी शिकवलं?’

म्हटलं, माझ्या ताईने.

‘त्या कॉलेजात शिकवतात का?’

म्हटलं, नाही. कॉलेजात परीक्षानळ्या धुतात.

वर्ग हसला. मी हसू दिलं. मग फळ्यावर लोखंड लिहिलं, ऑक्सिजन लिहिला, बाणापलीकडे गंज लिहिला, Fe₂O₃, पायाचे आकडे चांगले ठसठशीत. म्हटलं, जुळवा.

दहा मिनिटं कोणाची मान वर झाली नाही. एकालाही जमलं नाही. सगळ्यात मोठ्याने हसणारा तर खडू घेऊन फळ्यापर्यंत आला आणि तसाच परत गेला.

मग मी म्हटलं, आता वह्या बंद करा आणि ताई काय सांगते ते ऐका.

तुझा,
धाकटा